लॉगमधल्या आकड्याला नाव कसं द्यायचं: गेटनेमइन्फो नीट वापरण्याची रीत

सांगलीच्या मार्केट यार्डातली हळदीची एखादी आडतपेढी घ्या. आतल्या खोलीत बिलिंगचा सर्व्हर, गेटजवळ वजनकाट्याचा संगणक, पुढे तीन काउंटर, एक प्रिंटर, कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर. शिवाय कुपवाडचं गोदाम आणि मिरजेची शाखा बाहेरून जोडलेली. सर्व्हरच्या लॉगमध्ये ओळ पडते: १९२.१६८.१.३७, पोर्ट ५२३१४. मालक विचारतात, "हा सदतीस नंबर कोण?" आणि सॉफ्टवेअर सांभाळणारा ठरवतो की पुढच्या आवृत्तीत आकड्याऐवजी नावच छापायचं.

त्यासाठी फंक्शन एकच लागतं, गेटनेमइन्फो: त्याला पत्ता आणि पोर्ट द्यायचा, ते यंत्राचं आणि सेवेचं नाव देतं. पण ते कुठेही, कसंही बोलावलं तर ऐन सौद्याच्या गर्दीत बिलिंग अडकून पडायची सोय आपणच करून ठेवतो. खालची उदाहरणं सी भाषेतली आणि लिनक्सवरची आहेत. बाकी भाषांबद्दल शेवटी थोडं. फंक्शनांची, फ्लॅगांची आणि फाइलींची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. एडिटरमध्ये ती रोमन लिपीतच टाइप करायची: फंक्शनं लहान अक्षरांत, फ्लॅग मोठ्या अक्षरांत.

नाव येतं कुठून

पत्त्याच्या आत नाव दडलेलं नसतं. ते कुणाला तरी विचारून आणावं लागतं. कुणाला आणि कोणत्या क्रमाने, ते लिनक्सवर /ईटीसी/एनएसस्विच.कॉन्फ या फाइलमधली 'होस्ट्स' ही ओळ ठरवते. तिथे 'फाइल्स डीएनएस' असं असेल तर आधी /ईटीसी/होस्ट्स चाळली जाते. तिथे सापडलं नाही तरच डीएनएसकडे, म्हणजे नावं आणि पत्ते यांच्या नेटवर्कवरच्या नोंदवहीकडे, प्रश्न जातो.

डीएनएसमध्ये पत्त्यावरून नाव काढण्यासाठी वेगळी शाखा आहे. २०३.०.११३.२५ या पत्त्याचं नाव हवं असेल तर प्रश्न जातो २५.११३.०.२०३.इन-अ‍ॅडर.अर्पा या नावाने, आणि मागितली जाते ती पीटीआर नावाची नोंद. आकडे उलटे का? डीएनएसच्या नावात मोठा भाग उजवीकडे असतो, पत्त्यात तो डावीकडे असतो. हे चार आकड्यांचे पत्ते आयपीव्ही४ जातीचे. आयपीव्ही६ या नव्या, लांब पत्त्यांच्या जातीत पत्त्याचे ३२ हेक्साडेसिमल अंक एकेक करून उलटे मांडतात आणि शेपटीला आयपी६.अर्पा लावतात. हा सगळा उलटफेर फंक्शन स्वतः करतं. तुम्हाला तो माहीत असायला हवा तो नाव का येत नाही हे शोधताना.

नाव न येण्याचं सगळ्यात मोठं कारण इथेच आहे. नावावरून पत्ता आणि पत्त्यावरून नाव या दोन वेगवेगळ्या नोंदी आहेत, आणि त्या वेगवेगळ्या लोकांच्या ताब्यात असतात. पेढीचं डोमेन तुमचं असलं तरी उलटी नोंद पत्त्यांचा गट ज्याच्याकडे आहे त्याच्या हातात असते. शाखेसाठी स्थिर पत्ता विकत घेतला असेल तर पीटीआर नोंद इंटरनेट पुरवणाऱ्याकडे मागावी लागते. कुणी मागत नाही, म्हणून ती बहुतेक ठिकाणी नसते किंवा पुरवठादाराने यंत्राकडून तयार करून घेतलेलं, अंकांनी भरलेलं नाव तिथे असतं.

पोर्टच्या नावाचा मात्र डीएनएसशी काही संबंध नाही. ते सहसा /ईटीसी/सर्व्हिसेस या साध्या मजकुराच्या फाइलमधून येतं: २२ म्हणजे एसएसएच, ४४३ म्हणजे एचटीटीपीएस, ५४३२ म्हणजे पोस्टग्रेस्क्यूएल. म्हणजे एकाच बोलावण्यातलं अर्धं काम क्षणात होतं आणि उरलेलं अर्धं कितीही वेळ घेऊ शकतं.

कोडला हात लावण्याआधी

टर्मिनल उघडा आणि 'गेटएंट होस्ट्स' पुढे पत्ता देऊन चालवा. मग तोच पत्ता 'डिग' ला उणे-एक्स हा पर्याय लावून विचारा. दोन्हींची उत्तरं सारखी नसतील तर घाबरू नका. डिग थेट डीएनएसला विचारतं, /ईटीसी/होस्ट्सकडे ढुंकूनही बघत नाही. गेटएंट मात्र तुमच्या प्रोग्रामसारखंच एनएसस्विचच्या वाटेने जातं. तेव्हा प्रोग्रामला काय दिसणार हे कळायला गेटएंट, आणि डीएनएसमध्ये खरोखर काय आहे हे कळायला डिग. गेटएंटला उत्तर यायला पाच-दहा सेकंद लागले तर तुमच्या प्रोग्रामलाही तेवढेच लागणार, हे तिथल्या तिथे समजतं.

बोलावण्याची मांडणी

फंक्शनला सात गोष्टी द्याव्या लागतात:

गेटनेमइन्फो(पत्त्याची रचना, तिची लांबी, नावासाठी बफर, त्याचा आकार, सेवेसाठी बफर, त्याचा आकार, फ्लॅग)

पहिली पायरी पत्ता मिळवण्याची. टीसीपी (जोडणी करून बोलायची रीत) असेल तर तो जोडणी स्वीकारणाऱ्या अ‍ॅक्सेप्टमधून येतो, यूडीपी (जोडणी न करता सुटे संदेश पाठवायची रीत) असेल तर रिसीव्हफ्रॉममधून. साठवायला सॉकअ‍ॅडर_स्टोरेज हीच रचना घ्या. आयपीव्ही४ ची रचना १६ बाइटची, आयपीव्ही६ ची २८ बाइटची. लहान जागा दिलीत तर दुसऱ्या जातीचा पत्ता तिच्यात मावणार नाही. लांबीच्या चलात अ‍ॅक्सेप्टआधी पूर्ण रचनेचा आकार भरायचा असतो, आणि लूपमध्ये हे दर फेरीला करायचं असतं, कारण अ‍ॅक्सेप्ट त्या चलात खरी लांबी लिहून ठेवतं. दोन जातींसाठी दोन वेगळे सॉकेट एकाच लूपमध्ये असतील, आणि पहिला पाहुणा आयपीव्ही४ चा आला आणि दुसरा आयपीव्ही६ चा, तर जुनी १६ तशीच राहून दुसऱ्याचा पत्ता अर्धवट कापला जातो. चाचणीत हे सापडत नाही, कारण चाचणी एकाच यंत्रावरून होते.

अ‍ॅक्सेप्टने दिलेली तीच लांबी गेटनेमइन्फोला द्या. स्टोरेजचा पूर्ण आकार दिला तर लिनक्स चालवून घेतं, पण मॅकवर आणि बीएसडी घराण्यातल्या प्रणालींवर तोच कोड त्रुटी देऊ शकतो.

बफरसाठी एनआय_मॅक्सहोस्ट (१०२५) आणि एनआय_मॅक्ससर्व्ह (३२) हे आकार हेडरमध्ये तयार आहेत. कंपायलरला सी९९ किंवा सी११ चं काटेकोर मानक सांगितलं असेल तर 'हे नाव ओळखत नाही' अशी तक्रार येते. तेव्हा सगळ्या हेडरच्या वर _डिफॉल्ट_सोर्स व्याख्या करायची. नाव आणि सेवा यांपैकी एकच उत्तर हवं असेल तर दुसऱ्या बफरच्या जागी नल आणि शून्य द्या. दोन्हीकडे नल दिलं तर विचारायचं काहीच उरत नाही आणि फंक्शन त्रुटी परत करतं.

गेटहोस्टबायअ‍ॅडर आणि गेटसर्व्हबायपोर्ट ही जुनी जोडी अजून पुष्कळ पुस्तकांत आणि प्रॅक्टिकलच्या वह्यांत दिसते. नव्या कोडमध्ये ती घेऊ नका. उत्तर सामायिक जागेत ठेवत असल्याने एकाहून जास्त थ्रेड (प्रोग्राममध्ये एकाच वेळी चालणारे कामाचे धागे) असले की एकाचं नाव दुसऱ्याच्या ओळीत छापलं जातं. गेटहोस्टबायअ‍ॅडर तर पॉझिक्स या युनिक्स-मानकाच्या २००८ च्या आवृत्तीतून काढूनच टाकलं आहे.

फ्लॅग: खरं काम इथे ठरतं

फ्लॅग म्हणजे फंक्शनने कसं वागायचं ते सांगणारे पर्याय. त्यांच्या जागी शून्य दिलं तर अर्थ होतो: नाव सापडलं तर नाव दे, नाहीतर आकडेच लिहून दे. दोन्ही वेळा परतीचं मूल्य शून्यच, म्हणजे यश. त्यामुळे 'शून्य आलं, म्हणजे नाव मिळालं' असं समजणारा कोड चुकीचा.

एनआय_न्युमेरिकहोस्ट दिला की कुणालाही काही विचारलं जात नाही, पत्ता फक्त वाचता येईल अशा रूपात लिहिला जातो. एनआय_न्युमेरिकसर्व्ह पोर्टसाठी तेच करतो. हे दोन एकत्र लावले की गेटनेमइन्फो म्हणजे दोन्ही जातींचे पत्ते छापणारं एक जलद, बिनधोक यंत्र होतं. माझ्या मते रोजच्या वापरात नव्वद टक्के जागी हेच लावायला हवं.

एनआय_नेमरेक्यूडी म्हणजे नाव असेल तरच बोल, नाहीतर त्रुटी दे. पुढे नावाची शहानिशा करायची असेल तर हा हवाच. एनआय_नोएफक्यूडीएन आपल्याच डोमेनमधल्या यंत्रांची शेपटी छाटतो: काटा१.पेढी.इंटरनल ऐवजी नुसतं काटा१. पडद्यावर छान दिसतं, तपासणीसाठी निकामी.

एनआय_डीग्रॅम पोर्टचं नाव यूडीपीच्या रकान्यात शोधायला सांगतो. बहुतेक पोर्टना दोन्हीकडे एकच नाव असतं, पण ५१२ ते ५१४ या जुन्या पोर्टवर फसगत होते. ५१४ हा टीसीपीवर 'शेल' आणि यूडीपीवर 'सिसलॉग'. राउटरकडून यूडीपीने येणाऱ्या नोंदी गोळा करणारा प्रोग्राम लिहिलात आणि हा फ्लॅग विसरलात, तर अहवालात शेल असं छापून येईल आणि वाचणाऱ्याला वाटेल कुणीतरी सर्व्हरमध्ये शिरलंय.

पोर्टबद्दल अजून एक, कारण हे फारसं कुणी सांगत नाही. समोरच्या यंत्राच्या पोर्टचं नाव विचारण्यात काही अर्थ नसतो. वरच्या ओळीतला ५२३१४ हा जोडणी करताना प्रणालीने हाताशी आला म्हणून दिलेला आकडा आहे. लिनक्स असे आकडे मुळात ३२७६८ ते ६०९९९ या पट्ट्यातून देतं. सेवेचं नाव हवं असेल तर आपल्या बाजूचा पोर्ट गेटसॉकनेमने काढा आणि त्याचं विचारा. तेही फाइलीतलं नाव आहे, पुरावा नाही: ८०८० वर फाइल 'एचटीटीपी-आल्ट' म्हणेल, पण तिथे कॅमेऱ्याचा रेकॉर्डर बसलेला असू शकतो.

त्रुटी वाचताना

परतीचं मूल्य शून्य नसेल तर ते गाय_स्ट्रएररला द्या, मजकूर मिळेल. एरनो (प्रणालीच्या त्रुटीचा क्रमांक) तपासू नका. तो फक्त ईएआय_सिस्टीम आलं तरच कामाचा. ईएआय_नोनेम म्हणजे नाव नाही, हे उत्तर आहे, बिघाड नव्हे. ईएआय_अगेन म्हणजे डीएनएसने आत्ता उत्तर दिलं नाही. या दोघांत फरक करा: पहिलं काही काळ लक्षात ठेवण्याजोगं आहे, दुसरं नाही. ईएआय_ओव्हरफ्लो म्हणजे बफर लहान पडला, ईएआय_फॅमिली म्हणजे पत्त्याची जात ओळखता आली नाही किंवा लांबी चुकीची. कोणतीही त्रुटी आली तरी लॉगची ओळ रिकामी सोडू नका. न्युमेरिकहोस्ट लावून लगेच पुन्हा बोलवा आणि आकडे छापा.

अडकणं, आणि त्यावरचा उपाय

गेटनेमइन्फोला वेळेची मर्यादा सांगता येत नाही. उत्तर येईपर्यंत तो थ्रेड थांबतो. लिनक्सवर रिझॉल्व्हरची (डीएनएसला प्रश्न विचारणाऱ्या भागाची) मूळ सेटिंग दर प्रयत्नाला ५ सेकंद आणि २ प्रयत्न अशी आहे, म्हणजे एकच नेमसर्व्हर असेल आणि तो गप्प बसला तर सुमारे १० सेकंद गेले. एका थ्रेडवर चालणारा बिलिंग सर्व्हर प्रत्येक जोडणीला नाव विचारत असेल तर इंटरनेट गेल्यावर सगळे काउंटर रांगेत उभे राहतात. गंमत म्हणजे त्या काउंटरांना इंटरनेट लागतही नसतं.

मोठ्या प्रकल्पांनीही हे ओळखलं. अपाची वेबसर्व्हरमध्ये पूर्वी प्रत्येक पाहुण्याचं नाव शोधणं चालू असायचं, १.३ आवृत्तीपासून ते मुळात बंद ठेवलं, आणि लॉगमधले पत्ते मागाहून नावांत बदलायला लॉगरिझॉल्व्ह हे वेगळं साधन दिलं. ओपनएसएसएचनेही २०१५ मधल्या ६.८ आवृत्तीत यूजडीएनएस हा पर्याय मुळातून 'नो' केला.

तेव्हा पद्धत अशी ठेवा. जोडणी स्वीकारणाऱ्या थ्रेडने फक्त आकडे लिहावेत. नाव शोधायला वेगळा थ्रेड, त्याच्यापुढे रांग. मिळालेलं नाव प्रोग्रामच्या स्मृतीत काही मिनिटं ठेवा, 'नाव नाही' हे उत्तर त्याहून कमी काळ. डीएनएसमधल्या नोंदीला स्वतःची मुदत असते, पण गेटनेमइन्फो ती सांगत नाही, त्यामुळे काळ आपणच ठरवायचा. /ईटीसी/रिझॉल्व्ह.कॉन्फमध्ये पर्यायांच्या ओळीत टाइमआउट १ आणि अटेम्प्ट्स १ लिहिलं तरी बराच फरक पडतो, मात्र तो त्या यंत्रावरच्या सगळ्याच प्रोग्रामांना लागू होतो.

नाव मागाहून शोधण्यात एक अडचण आहे. पेढीतले पत्ते राउटर डीएचसीपीने, म्हणजे आपोआप, वाटत असेल तर कालचा सदतीस आणि आजचा सदतीस एकच यंत्र असेल असं नाही. आतल्या नेटवर्कसाठी नाव लगेच, वेगळ्या थ्रेडमध्ये शोधावं. बाहेरच्या पत्त्यांसाठी रात्री निवांत चालेल. आणि कोणत्याही परिस्थितीत मूळ आकडा लॉगमध्ये राहिलाच पाहिजे, नाव त्याच्या शेजारी.

त्या नावावर विश्वास किती ठेवायचा

पीटीआर नोंद म्हणजे घरावरची पाटी. घर ज्याच्या ताब्यात, तो हवं ते नाव रंगवून घेतो. 'मिरज.पेढी.इंटरनल' असं नाव आलं म्हणून दार उघडणारा प्रोग्राम म्हणजे उघडं दार. आत घेण्याचा निर्णय पत्त्यावर, आणि त्याहून बरं म्हणजे पासवर्ड किंवा प्रमाणपत्रावर घ्यावा.

तरीही नावावरून काही ठरवायचंच असेल तर उलटसुलट तपासणी करा. आधी नेमरेक्यूडी लावून नाव मिळवा. मग ते नाव, नावावरून पत्ते देणाऱ्या गेटअ‍ॅडरइन्फोला एआय_न्युमेरिकहोस्ट हा फ्लॅग लावून द्या. हे यशस्वी झालं तर ते नाव नसून आकडेच आहेत: कुणीतरी पीटीआर नोंदीत '१०.१.१.१' असा मजकूर भरून तुमच्या लॉगला फसवायला बघतोय. ते फेकून द्या. नाव खरंच नाव असेल तर आता साध्या गेटअ‍ॅडरइन्फोने त्याचे पत्ते मागवा आणि यादीत मूळ पत्ता आहे का बघा. तुलना फक्त पत्त्याच्या बाइटांची करा, पूर्ण रचनेची नको, कारण रचनेत पोर्टही असतो आणि तो जुळणार नाही. यादी वापरून झाली की फ्रीअ‍ॅडरइन्फो.

गूगलचा क्रॉलर (वेबपानं वाचत फिरणारा प्रोग्राम) खरा की तोतया हे ओळखायला गूगल स्वतः हीच रीत सुचवतं: पत्त्यावरून नाव, नावाचा शेवट गूगलबॉट.कॉम किंवा गूगल.कॉम आहे का, आणि मग नावावरून परत तोच पत्ता. शेवट तपासताना आधीचा टिंबही धरा, नाहीतर 'नकलीगूगलबॉट.कॉम' सहज पास होतं.

आलेलं नाव वेबपानात छापताना एस्केप करा, म्हणजे त्यातली खास चिन्हं निरुपद्रवी करून छापा. तो मजकूर परक्याने लिहिलेला आहे. आणि बाहेरच्या पत्त्यावरून माणूस ओळखायच्या भानगडीत पडू नका. मोबाइल डेटावर अनेक ग्राहक एकाच सार्वजनिक पत्त्यामागे असतात, त्यामुळे मिरजेच्या शाखेने डोंगल लावलं असेल तर मिळणारं नाव मोबाइल कंपनीचं असेल, शाखेचं नाही.

आयपीव्ही६ सॉकेटवर दिसणारी विचित्र रूपं

दोन्ही जाती एकाच सॉकेटवर ऐकत असाल तर आयपीव्ही४ चा पाहुणा ::एफएफएफएफ:१९२.१६८.१.३७ असा दिसतो. पत्ता तोच आहे, पण जुन्या यादीशी मजकुराने तुलना केली तर जुळत नाही. आयएन६_आयएस_अ‍ॅडर_व्ही४मॅप्ड या मॅक्रोने ओळखून शेवटचे चार बाइट आयपीव्ही४ च्या रचनेत घाला आणि मग पुढे जा. एफई८० ने सुरू होणाऱ्या पत्त्याच्या शेवटी टक्क्याचं चिन्ह आणि इंटरफेसचं नाव लागतं. ते कापू नका, त्याशिवाय तो पत्ता अपुरा आहे.

पेढीत नावं द्यायची कशी

फंक्शन कितीही नीट लिहिलं तरी १९२.१६८ च्या पत्त्यांना बाहेरचं डीएनएस नाव देणार नाही, कारण हे पत्ते घरोघरी तेच आहेत. ती नावं आपणच द्यायची. चार-पाच यंत्रं असतील तर त्यांचे पत्ते राउटरवर पक्के करा आणि सर्व्हरच्या /ईटीसी/होस्ट्समध्ये लिहा. ओळीत आधी पत्ता, मग नाव. एका पत्त्यापुढे दोन-तीन नावं चालतात, पण उलट शोधात पहिलंच परत येतं, म्हणून लॉगमध्ये जे दिसायला हवं ते आधी लिहा.

यंत्रं वाढली की डीएनएसमास्क बसवा. ते पत्तेही वाटतं आणि नावंही सांगतं. /ईटीसी/होस्ट्समधल्या ओळींवरून उलटं उत्तर आपोआप देतं. डीएचसीपी-होस्ट या ओळीत यंत्राचा मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा क्रमांक), नाव आणि आयपी बांधून टाका. बोगस-प्रिव्ह हा पर्याय चालू ठेवला की खासगी पत्त्यांचे प्रश्न बाहेर न जाता तिथेच 'नाव नाही' म्हणून संपतात, आणि वर सांगितलेली १० सेकंदांची रखडपट्टी टळते. डोमेन म्हणून .लोकल वापरू नका, ते मल्टिकास्ट डीएनएससाठी राखलेलं आहे; .इंटरनल हे २०२४ मध्ये इंटरनेटवरच्या नावांचा कारभार बघणाऱ्या आयकॅनने खासगी वापरासाठी राखून ठेवलं, ते घ्या. स्वतःच्या प्रोग्रामचा पोर्ट /ईटीसी/सर्व्हिसेसमध्ये लिहिला की अहवालात 'बिलिंग' असं सरळ छापून येतं.

इतर भाषांत

पायथनमध्ये सॉकेट.गेटनेमइन्फो आहे, त्याला पत्ता आणि पोर्ट यांची जोडी आणि फ्लॅग द्यायचे, नाव आणि सेवा अशी जोडी परत येते, त्रुटी गायएरर म्हणून उठते. नोडमध्ये डीएनएस.लुकअपसर्व्हिस आतून गेटनेमइन्फोच बोलावतं, आणि तेही मुळात चारच थ्रेड असलेल्या सामायिक ताफ्यावर. चार पत्ते अडकले की त्याच ताफ्यावर चालणारं फाइल वाचणंसुद्धा थांबतं. डीएनएस.रिव्हर्स या ताफ्यात जात नाही, पण ते थेट डीएनएसला विचारतं. गोमधल्या लुकअपअ‍ॅडरने दिलेल्या नावाच्या शेवटी टिंब असू शकतो, तुलनेआधी तो काढा. जावाचं गेटकॅनॉनिकलहोस्टनेम नाव न मिळाल्यास गुपचूप आकड्यांचा मजकूर परत करतं, त्रुटी देत नाही. पीएचपीचं गेटहोस्टबायअ‍ॅडरही तसंच. या दोन्हींत आलेला मजकूर मूळ पत्त्याशी ताडून बघा. तोच असेल तर नाव मिळालेलं नाही.